पंचवीस अंशांचं पाणी

आमच्या लॅबमध्ये डांबर ओढतात. घरी मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा भाऊ संघर्ष म्हणाला, "एमएस्सी करून?" मी त्याला नीट समजावलं. रस्त्याचं डांबर ताणल्यावर किती लांब जातं आणि कुठे तुटतं, हे मोजावं लागतं. पटकन तुटणारं डांबर रस्त्यावरही पटकन तडकतं. म्हणून पितळेच्या साच्यात डांबराची छोटी वडी ओतायची, ती पंचवीस अंशांच्या पाण्यात दीड तास ठेवायची आणि मग मशीनने दोन्ही बाजूंनी ओढायची. मिनिटाला बरोबर पाच सेंटिमीटर. मधे डांबराची तार तयार होते, बारीक होत जाते आणि शेवटी तुटते. ती किती सेंटिमीटरवर तुटली, तो आकडा लिहायचा.

"एवढंच?" संघर्ष म्हणाला.

"एवढंच."

पण त्या 'एवढंच'मधलं पाणी पंचवीस अंशांवर ठेवणं हे खरं काम असतं. अर्धा अंश इकडे किंवा तिकडे चालतो, त्यापेक्षा जास्त नाही. आमचा बाथ म्हणजे दीड मीटर लांबीचा स्टीलचा टब आहे. त्यात पंचाहत्तर लिटर पाणी मावतं. खाली हीटर, बाजूला पाणी गार करणारा चिलर आणि पाणी फिरवणारा छोटा पंप. तळोजा एमआयडीसीत ऑक्टोबरमध्ये खोलीचं तापमान एकतीसच्या खाली येत नाही, त्यामुळे हीटर बिचारा रिकामा बसतो आणि सगळा भार चिलरवर.

त्या गुरुवारी चिलर बंद पडला.

गुरुवारच का, याचं मला अजून हसू येतं. माझं सहा महिन्यांचं ट्रेनिंग शनिवारी संपत होतं. तोवर माझं नाव 'अधिकृत विश्लेषक' यादीत आलं नाही, तर कंपनी मला कायम करणार नव्हती. यादीत नाव यायचं तर टेक्निकल मॅनेजर सुचित्रा मॅडमसमोर एक अख्खी चाचणी स्वतः करून दाखवायची. आणि सुचित्रा मॅडम शुक्रवारपासून पंधरा दिवस रजेवर जाणार होत्या. म्हणजे गुरुवार, नाहीतर काही नाही.

सकाळी साडेआठला मी बाथचा थर्मामीटर पाहिला. तीस पूर्णांक सहा.

चिलरवर हात ठेवला. थरथर नाही, आवाज नाही. वायर काढून परत लावली, मुख्य बटण बंद करून चालू केलं, शेवटी एक चापट मारली. सर्व्हिसवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, सोमवारी माणूस पाठवतो."

अशा वेळी लॅबमध्ये सगळे एकाच माणसाचं नाव घेतात. कोंडिबाकाका. ते लॅब अटेंडंट, जवळच्याच गावातले, बाथ आला त्या दिवसापासून त्या बाथपाशी. पण त्या दिवशी त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता आणि ते दुपारी बाराला येणार होते.

मग मी गणित केलं. कँटीनबाहेरच्या कूलरचं पाणी बारा अंशांचं होतं, मी मोजून पाहिलं. पंचाहत्तर लिटरमधलं किती काढून तेवढंच कूलरचं घातलं तर पंचवीस अंश येईल? उत्तर आलं साडेबावीस लिटर. मी बादलीने साडेबावीस लिटर काढलं, कूलरमधून साडेबावीस लिटर आणून घातलं, पंपाने पाच मिनिटं फिरवलं आणि थर्मामीटर पाहिला.

पंचवीस पूर्णांक एक.

मी एकटीच होते म्हणून बरं. मी त्या टबासमोर उभी राहून स्वतःलाच शाबासकी दिली. पुढे खोलीच्या उष्णतेने पाणी चढणार, तर दर अर्ध्या तासाने दोन लिटर काढायचं आणि दोन लिटर गार घालायचं. वहीत तक्ता आखला. वेळ, आधीचं तापमान, नंतरचं तापमान. तक्ता फार सुंदर दिसत होता.

दहाला सुचित्रा मॅडम फॉर्म घेऊन आल्या आणि स्टुलावर बसल्या. मॅडमना बोलायला फार आवडतं. वाशीतल्या त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टपासून मुलीच्या सासूपर्यंत सगळं आम्हाला माहीत असतं. पण परीक्षकाने चाचणीच्या वेळी काही सुचवायचं नाही, असा नियम आहे.

"आता मी काही बोलणार नाही हं," त्या म्हणाल्या. "तू समज मी इथे नाहीच. कपाट आहे समज. अगं, तो चिलर... नाही, नाही. कपाट."

आणि त्यांनी ओठ मिटले. त्यांना किती जड जात होतं ते दिसत होतं.

चाचणीचा नमुना जुना, जपून ठेवलेला होता. त्याचं खरं उत्तर दुसऱ्या तीन लॅबनी आधीच काढलं होतं आणि ते फक्त मॅडमच्या फाइलमध्ये होतं. माझे तीन आकडे त्याच्या दहा टक्क्यांत यायला हवे होते. मी डांबर गरम केलं, तीन साच्यांत ओतलं, निवू दिलं, वरचं जास्तीचं गरम सुरीने कापून सपाट केलं, आणि साचे बाथमध्ये सोडले. दर अर्ध्या तासाला माझी बादली. मॅडम त्या बादलीकडे बघत आणि फॉर्मवर काहीतरी लिहीत.

बारा वाजून दहा मिनिटांनी कोंडिबाकाका पेढ्यांचा पुडा घेऊन आले. नवा शर्ट, कपाळावर टिळा.

"चिलर गेला?" त्यांनी दारातूनच विचारलं. आवाजावरून कळलं असणार त्यांना. म्हणजे आवाज नाही यावरून.

"गेला. पण पाणी पंचवीस आहे काका," मी म्हणाले. "कूलरचं घालतेय, मोजून."

"मंजे ह्याच्यातलं कारून?"

"हो, तेवढंच काढून तेवढंच."

काकांनी तोंड उघडलं. मॅडमनी पेन वर केलं. "कोंडिबा, आज कुणी तिला काही सांगायचं नाही. पेढा द्या आणि बसा."

काकांनी पेढा दिला आणि बसले. मला वाटलं, तोंड उघडलं ते चिलरच्या कंपनीला शिव्या घालायला.

एक वाजता मी साच्यांच्या बाजू काढल्या, तिन्ही वड्या मशीनला अडकवल्या आणि बटण दाबलं. मोटर घरघरू लागली. ही माझी आवडती वेळ. डांबराची वडी आधी नुसती कमरेत बारीक होते, मग त्या कमरेची तार होते, काळी, चकचकीत, केसासारखी होत जाणारी. पाण्यातून ती एकदम सरळ जाते, कुणी पट्टीने रेघ मारावी तशी. सहा महिन्यांत मी ती रेघ शेकडो वेळा पाहिली होती.

वीस सेंटिमीटर. पाणी पंचवीस पूर्णांक शून्य. मी लिहिलं.

काका खोकले.

तीस सेंटिमीटर. काका पुन्हा खोकले.

"घसा बसलाय का काका?"

"नाय. हां. बसलाय." त्यांनी मॅडमकडे पाहिलं आणि छताकडे बघायला लागले.

मी परत पाण्यात पाहिलं, आणि या वेळी तारांकडे पाहिलं. तोवर मी थर्मामीटरकडेच बघत होते. तिन्ही तारा मधोमध खाली झुकल्या होत्या. दोन झाडांना कपडे वाळत घालायची दोरी सैल बांधली तर जशी दिसेल तशा. चाळीस सेंटिमीटरला झोळ आणखी वाढला. पंचावन्नला मधली तार टबाच्या तळाला टेकली आणि तिथेच पसरून पडली.

आता खरं सांगते. मशीन चालूच होतं. तार तळाला टेकली तरी ती कुठेतरी तुटतेच, आणि तुटली की पट्टीवर आकडा दिसतो. निकालपत्रकात फक्त आकड्याची जागा असते, तार तळावर झोपली होती का असं कोणी विचारत नाही. तापमान तर माझं देखणं होतं. मॅडम फॉर्ममध्ये मान घालून लिहीत होत्या. त्यांनी पाहिलं की नाही, कळत नव्हतं. शनिवारी ट्रेनिंग संपत होतं.

पण तळावर पडलेली तार ओढताना तळाला घासते. तो आकडा डांबराचा नसतो, टबाचा असतो. टबाचा आकडा मी कुठल्या तोंडाने डांबराचा म्हणून देणार?

मी बटण बंद केलं. "तार तळाला लागली. चाचणी अमान्य," मी म्हणाले, आणि आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. "मॅडम, मी परत करणार."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. एक वाजून अकरा मिनिटं. कंपनीची बस साडेपाचला. त्यांनी फॉर्मवर बरंच काही लिहिलं, पान उलटलं, आणि तिकडेही लिहिलं.

मी आधी नमुना पुन्हा गरम करायला ठेवला, कारण तो वेळ वाया घालवून चालणार नव्हतं. मग उभी राहून विचार करायला लागले. तार बुडली म्हणजे डांबर पाण्यापेक्षा जड. पण हे डांबर काही आज जड झालं नव्हतं. नमुन्याच्या कागदावर घनता लिहिलीच होती, एक पूर्णांक शून्य दोन चार. पाणी मात्र साधारण एक. म्हणजे तार नेहमीच बुडायला हवी होती, आणि सहा महिन्यांत ती एकदाही बुडली नव्हती.

कार्यपद्धतीत एक ओळ आहे. 'आवश्यक असल्यास पाण्याची घनता जुळवून घ्यावी.' ती मला कधीच लागली नव्हती. मला वाटायचं, काही ओळी लिहायच्या म्हणून लिहिलेल्या असतात.

मी हायड्रोमीटर आणला, म्हणजे काचेची तरंगती नळी, पाण्यात किती बुडते त्यावरून घनता कळते. उंच नळकांड्यात बाथचं पाणी घेतलं आणि ती सोडली. एक पूर्णांक शून्य एक दोन.

कूलरचं पाणी घेऊन पाहिलं. तिथे एकच्या किंचित खाली, जसं असायला हवं तसं.

म्हणजे बाथमध्ये काहीतरी विरघळलेलं होतं, आणि सकाळपासून मी ते बादलीने मोजून मोजून बाहेर टाकत होते. टबाच्या काठावर पांढरी खपली जमायची, ती मी दर शनिवारी पुसायचे आणि एमआयडीसीच्या जड पाण्याला नावं ठेवायचे. पाण्याचा काही दोष नव्हता.

"काका," मी विचारलं, "बाथमध्ये मीठ असतं?"

काकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला हरकत नव्हती.

"असतंच की," काका म्हणाले. "तीन पुऱ्या. किलो किलोच्या. टब भरला की टाकायच्या."

"तीन पुड्या मीठ! हे कुठे लिहिलंय?"

"कुटं नाय. मना कोनी इचारलंच नाय, बाय."

कपाटातून एक आवाज आला. मॅडमनी खोकल्यासारखं केलं. कार्यपद्धतीच्या पहिल्या पानावर 'मंजूर' या शब्दाखाली त्यांचीच सही होती.

मी सकाळपासून काढलेलं पाणी जोडलं. साडेबावीस, अधिक सात वेळा दोन लिटर. तीन किलोतलं साधारण सव्वा किलो मीठ मोरीत गेलं होतं. घनतेवरून हिशोब केला तरी तेवढंच निघालं. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की मला फार बरं वाटतं, अगदी परीक्षा चुलीत चालली असली तरी.

सव्वा किलो मीठ कँटीनशिवाय कुठे मिळणार? सत्यभामामावशींनी कढईतला झारा थांबवला.

"किती?"

"सव्वा किलो."

"सकाळी माझं गार पाणी नेलं. माणसं कोमट पितायत, मला बोलतायत. आता मीठ. तिकडं काय पंगत हाय का?"

"डांबराला पाहिजे, मावशी."

"डांबराला." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अळणी लागतंय व्हय?"

पण त्यांनी भाज्यांचा काटा ओढून मीठ मोजलं आणि वर म्हणाल्या, "उद्या पुडी आणून दे. भरलेली."

परत आले तेव्हा काका दुधाच्या दोन स्टीलच्या किटल्या घासत होते. झाकणाच्या. "ह्या कशाला, काका?" मी विचारलं. "बरफ आनला नाक्यावरच्या मासलीवालीकरनं," ते म्हणाले. आता मी विचारत होते, त्यामुळे त्यांना बोलायची मुभा होती आणि ते ती पुरेपूर वापरत होते. "बरफ किटलीन भरायचा, झाकन लावायचं, किटली पान्यान लटकवायची. चरलं पानी का खाली सोडायची, उतरलं का वर खेचायची. चिलर नव्हता तवा आठ वरसं आसंच केलं. बाहेरचा थेंब आत नाय, आतला बाहेर नाय."

मी माझ्या सुंदर तक्त्याकडे पाहिलं.

"काका, हे सकाळी सांगायचं ना."

"सकाली मी साकरपुर्‍याला होतो. दुपारी खोकलो की."

मीठ घातलं, पंपाने फिरवलं. हायड्रोमीटर एक पूर्णांक शून्य दोन चारवर थांबला. मी लिहायला लागले तर काका म्हणाले, "थांब." त्यांनी साच्यावरून कापलेल्या डांबराची मटाराएवढी गोळी केली, बोटाने पाण्याखाली नेली आणि सोडली. गोळी ना वर आली ना खाली गेली. पाण्याच्या मधोमध, कुणी धरून ठेवल्यासारखी, हळूच स्वतःभोवती फिरत राहिली.

"बुरली तर मीठ, तरंगली तर पानी," काका म्हणाले. "लटकली तर चालू करायचं."

मी ते बघतच राहिले. हायड्रोमीटर पाण्याची घनता सांगतो, मग डांबराची कागदावर बघावी लागते, मग दोन्हींची तुलना. त्या गोळीने तिन्ही गोष्टी एका दमात केल्या होत्या. एमएस्सीच्या दोन वर्षांत मला एवढं स्वस्त उपकरण कुणी दाखवलं नव्हतं.

पावणेदोनला नवे साचे ओतले. तीनच्या आधी कापून बाथमध्ये सोडले. मग दीड तास किटल्यांचा खेळ. एक किटली माझ्या हातात, एक काकांच्या. मी थर्मामीटर वाचायचे आणि "वर" किंवा "खाली" म्हणायचे. तासाभराने लक्षात आलं की मी म्हणायच्या आधीच काकांची किटली हललेली असते. ते थर्मामीटरकडे बघत नव्हते. त्यांनी पाण्यात मनगट बुडवून ठेवलं होतं. मी गंमत म्हणून त्यांना विचारलं, "आता किती?"

"चोवीस आनि वर थोरं."

थर्मामीटर चोवीस पूर्णांक आठ. मी पुढे पाच वेळा विचारलं आणि पाचही वेळा लिहून ठेवलं. एकदाच ते पाव अंशाने चुकले, आणि तेव्हा कँटीनमधून चहा आला होता.

मॅडम तोवर कपाटाच्या भूमिकेत पार थकल्या होत्या. चहा घेताना त्यांनी तीनदा श्वास आत घेतला आणि तीनदा तो नुसताच सोडला.

चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी बटण दाबलं. या वेळी मी थर्मामीटरकडे एक डोळा ठेवला आणि दुसरा तारांकडे. वीस. चाळीस. तिन्ही तारा सरळ, पट्टीने मारलेल्या. साठला त्या इतक्या बारीक झाल्या की मधला भाग फक्त चमकेवरून कळत होता. काका खोकले नाहीत. सत्तर. ऐंशी. आमच्या तिघांपैकी कुणी हलत नव्हतं. शहाऐंशीला एक तार सुटली, आवाज न करता, आणि दोन्ही टोकं मागे आकसली. दुसरी एकोणनव्वदला. मधली ब्याण्णवला.

मी आकडे लिहिले, सरासरी काढली, एकोणनव्वद, आणि पत्रक मॅडमच्या हातात दिलं. त्यांनी फाइल उघडली, फाइलमधला आकडा पाहिला, माझा पाहिला, आणि फाइल मिटली.

"झालं?" त्या म्हणाल्या. "संपली चाचणी? मी बोलू?"

"बोला मॅडम."

"अगं, तळाला टेकली तेव्हा मला घाम फुटला इथे. मला वाटलं, आता ही आकडा लिहिते की काय. लिहिला असतास तर मी इथेच फॉर्म बंद केला असता. तिथे रकानाच आहे, 'अमान्य चाचणी स्वतः ओळखली का'. मी त्यावर पेन धरून बसले होते. हात अवघडला माझा. आणि कोंडिबा, तुम्ही खोकताय काय! पुढच्या वेळी तुम्हाला बाहेर बसवणार. आणि तीन पुड्या मीठ! दोन वेळा ऑडिट झालं आपलं, त्यांनी विचारलं, पाणी कसलं, मी छाती काढून सांगितलं, शुद्ध." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "सत्त्याऐंशी आहे खरा आकडा. तुझा एकोणनव्वद."

मला वाटतं मी हसत होते, कारण काका हसत होते.

मॅडमनी फॉर्मच्या शेवटच्या पानावर 'अधिकृत' या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली. मग फॉर्म माझ्याकडे न देता दुसरा एक कोरा कागद पुढे सरकवला. वर छापलं होतं, 'कार्यपद्धतीपासून विचलन: अहवाल'.

"अधिकृत झालीस ना, मग हे तूच भरायचंस," त्या म्हणाल्या. "काय झालं, कुणामुळे झालं, काय केलं. सगळं. माझं नावही लिही, मीठ न लिहिल्याबद्दल. खाली तुझी सही. बस सुटायच्या आत दे, मला रजेच्या आधी फाइल करायचंय."

सव्वापाच वाजले होते. मी बसले आणि 'काय झालं' या रकान्यात लिहायला सुरुवात केली. 'विश्लेषकाने बाथमधील सुमारे साडेछत्तीस लिटर पाणी मिठाची खात्री न करता बदलले.' काका माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"इसलेसक मंजे कोन?"

"मी."

"मग 'मी' लिव ना."

"असं लिहीत नाहीत काका."

"आनि मीठ किती लिवलंस?"

"तीन किलो, पंचाहत्तर लिटरला. आणि घनता मोजून खात्री करावी."

"गोलीचं लिव."

मी पेन थांबवलं. कार्यपद्धतीत डांबराच्या गोळीचं कसं लिहायचं याचा विचार केला. मग लिहिलं, 'नमुन्याचा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा गोळा पाण्याच्या मध्यभागी सोडून तो स्थिर राहतो याची खात्री करावी. (पद्धत सुचवणारे: कोंडिबा, लॅब अटेंडंट.)' काकांनी ते दोनदा वाचलं. आपल्या नावावर बोट ठेवलं, मग बोट उचललं, कारण त्यावर डांबर होतं आणि कागदावर एक काळा ठिपका उमटला होता.

"फारू का? दुसरा घेऊ?"

"राहू दे," मी म्हणाले, आणि ठिपक्याच्या शेजारी, लॅबच्या कुठल्याही कागदावरची माझी पहिली सही केली.